टास्क मॅनेजर ६५ टक्के रॅम वापरात दाखवतो, पण बेरीज केली तर जुळत नाही, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपला १६ जीबी रॅम, विंडोज ११, ब्राउझर आणि एक-दोन किरकोळ प्रोग्राम उघडे, तरी टास्क मॅनेजर ६५ टक्के मेमरी वापरात दाखवतो. खालच्या यादीतल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तर जेमतेम ६ जीबी होते, मग वरचे ४ जीबी कुणी खाल्ले? एका मित्राने रॅम क्लीनर टाकायला आणि पेजफाइल (रॅममध्ये न मावणारी पेजेस ठेवायला विंडोज डिस्कवर राखते ती फाइल) बंद करायला सांगितलंय, दुसरा म्हणतो भानगडीत पडू नकोस, सरळ ३२ जीबी करून टाक.

आधी एवढं करा की क्लीनर टाकू नका आणि पेजफाइलला हात लावू नका. ३२ जीबीचं शेवटी बघू. वीसेक वर्षं मशिनं दुरुस्त करतोय आणि या टक्केवारीइतका लोकांना उगाच घाबरवणारा आकडा मी दुसरा बघितलेला नाही, कारण मशिन त्रासात आहे की मजेत हे त्यावरून कळतच नाही. ९० टक्क्यांवर निवांत चालणारी मशिनं असतात आणि ५० टक्क्यांवर प्रोग्राम धडाधड बंद पडणारीही असतात, दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

बेरीज का जुळत नाही ते आधी. ऑपरेटिंग सिस्टम रॅमकडे एक सलग डबा म्हणून बघत नाही, तिचे ४ केबीचे तुकडे करते, त्यांना पेज म्हणतात. तुमच्या १६ जीबीत अशी सुमारे ४२ लाख पेजेस आहेत आणि प्रत्येक पेज या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे याचा हिशोब विंडोज ठेवते. यादीत प्रोसेसच्या नावासमोर जो आकडा दिसतो तो फक्त त्या प्रोसेसच्या खाजगी पेजेसचा, आणि त्यातही जी आत्ता रॅममध्ये आहेत तेवढ्याचाच. दहा प्रोग्राम मिळून एकच डीएलएल, म्हणजे सामायिक कोडची फाइल, वापरत असतील तर तिची पेजेस रॅममध्ये एकदाच असतात आणि ती कोणाच्याच नावावर दाखवली जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे कारण दाखवायची तरी कोणाच्या नावावर? शिवाय कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्वतःची मेमरी, हार्डवेअर चालवणाऱ्या ड्रायव्हर्सनी धरून ठेवलेली मेमरी, कुठलं पेज कुठे आहे याची कोष्टकं, फाइल कॅशचा (वाचलेल्या फाइलींचा रॅममधला साठा) चालू वापरातला भाग, हे सगळं 'इन यूज' म्हणजे वापरातल्या मेमरीत मोजलं जातं पण प्रोसेसच्या यादीत येत नाही. त्यात विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, मेमरी कॉम्प्रेशन आलं. बराच वेळ न लागलेली पेजेस डिस्कवर टाकण्याआधी विंडोज ती दाबून लहान करून रॅममध्येच ठेवते. सुरुवातीला हा साठा 'सिस्टम' प्रोसेसच्या नावावर दिसायचा, लोक घाबरायचे की सिस्टमच एवढी मेमरी का खातेय, मग टास्क मॅनेजरच्या यादीतून तो आकडाच काढून टाकला आणि आता 'इन यूज' च्या पुढे कंसात येतो. घाबरणं गेलं पण बेरीज बिघडली.

म्हणजे ६ ची १० होणं यात काही चोरी नाही. दोन-तीन जीबीचा फरक अगदी नेहमीचा. ४ म्हणजे थोडा जास्त वाटतो, त्यावर पुढे येतो.

आता परफॉर्मन्स टॅबमध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. खाली एक आडवी पट्टी दिसेल, बहुतेक लोक ती बघतही नाहीत आणि खरं तर त्या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. माउस नेला की चार भाग कळतात. इन यूज म्हणजे खरोखर गुंतलेली. मॉडिफाइड म्हणजे प्रोग्रामकडून सुटलेली पण आतला मजकूर डिस्कवर लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही अशी. स्टँडबाय म्हणजे आधी वाचलेल्या फाइली, बंद केलेल्या प्रोग्रामांचा कोड, आणि लवकरच लागेल असा विंडोजचा अंदाज असलेल्या गोष्टी, हे सगळं ठेवलेलं आहे पण कोणी मागितलं की तत्क्षणी देऊन टाकता येतं, लिहून बिहून काही ठेवायला लागत नाही. आणि फ्री म्हणजे पूर्ण रिकामी. स्टँडबाय आणि फ्री मिळून जे होतं तो वरचा 'अव्हेलेबल' आकडा.

हे आधीच भरून ठेवायचं काम करणारी सर्व्हिस २००७ च्या विस्टापासून सुपरफेच नावाने होती, आता तिचं नाव सिसमेन आहे. फ्री दोन-अडीचशे एमबीवर आली की लोक मेमरी संपली म्हणून ओरडायला लागतात, पण स्टँडबाय ५ जीबी असेल तर काहीही संपलेलं नाही. 'रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम' हे वाक्य हल्ली सगळीकडे फेकलं जातं आणि ते फक्त या स्टँडबायच्या बाबतीत खरं आहे. एखादा चॅटचा प्रोग्राम दीड जीबी अडवून बसला असेल आणि त्याचा बचाव कोणी या वाक्याने करत असेल तर ऐकू नका, ती त्याची खाजगी मेमरी आहे, दुसऱ्या कोणाला ती मागून मिळत नाही.

लिनक्सवाल्यांचा गोंधळही अगदी असाच. free नावाची कमांड चालवली तर तिच्यात फ्रीच्या रकान्यात एवढासा आकडा दिसतो आणि बफ-कॅशच्या रकान्यात डोंगर. तिथेही बघायचा रकाना 'अव्हेलेबल' चाच, कर्नल ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासून कर्नल स्वतःच तो अंदाज काढून देतं, त्याआधी आम्ही हाताने बेरीज-वजाबाकी करायचो. मॅकवर तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा ग्राफ असतो, हिरवा असेल तर गप्प बसायचं, पिवळा-लाल झाला तरच बघायचं. मला विचाराल तर तिघांत शहाणपणाचं दाखवणं हेच, कारण वापर किती हे न सांगता ताण किती हे सांगतं.

आता पेजफाइल. इथे जास्त वेळ घालवतो कारण यातल्या चुकीच्या सल्ल्याने खरंच काम बुडतं.

त्याच मेमरीच्या पानावर 'कमिटेड' नावाचा एक आकडा असतो, १२.१/१८.४ असा काहीतरी. लोक समजतात डावीकडचा आकडा म्हणजे रॅमचा वापर. नाही. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला लगेच रॅम देत नाही, फक्त वचन देते की तू वापरायला घेशील तेव्हा जागा मिळेल. रुमाल टाकून जागा धरल्यासारखं आहे हे, माणूस अजून आलेला नाही पण सीट गेली. अशा सगळ्या वचनांची बेरीज डावीकडे, आणि उजवीकडे जास्तीत जास्त किती वचनं देता येतील ती मर्यादा, जी म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. विंडोज दिलेला शब्द मोडत नाही, म्हणून मर्यादेपलीकडे वचनच देत नाही, पुढच्या मागणीला सरळ नाही म्हणते, आणि बहुतेक प्रोग्रामांना नाही ऐकायची सवय नसते, ते कोसळतात. (लिनक्स डिफॉल्टने याच्या उलट, उदार मनाने वचनं वाटत सुटतं आणि खरंच सगळे जागेवर बसायला आले की ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, येऊन एखाद्याला उचलून बाहेर फेकतो. दोन्ही पद्धतींचे आपापले भोग आहेत.)

तर पेजफाइल बंद केली की काय होतं? मर्यादा धाडकन रॅमइतकीच उरते. आणि प्रोग्राम जेवढं मागतात तेवढं सगळं कधीच वापरत नाहीत, त्यामुळे रुमाल पडलेल्या पण रिकाम्या सीटा भरपूर असतात. माझ्याकडे एक मशिन आलं होतं, १६ जीबी, व्हिडिओ एडिटिंगचा प्रोग्राम दर दोन तासांनी मेमरी अपुरी म्हणून बंद पडायचा आणि टास्क मॅनेजर त्याच वेळी ५ जीबी अव्हेलेबल दाखवायचा, मालकाने रॅम दोनदा बदलून बघितली होती. कमिटेड बघितलं तर १५.६/१५.८. कुठल्यातरी 'स्पीड वाढवा' सल्ल्यावरून पेजफाइल बंद केलेली. ती परत सिस्टमच्या ताब्यात दिली, मशिन रीस्टार्ट केलं, काम झालं, दहा मिनिटं लागली. त्यानंतरही पेजफाइलमध्ये प्रत्यक्ष फारसं काही लिहिलं जात नव्हतं, नुसती ती असल्यामुळे वचनं देता येत होती.

आणि पेजफाइल बंद केल्याने डिस्कचा वापर थांबतो हाही गैरसमजच. मेमरी कमी पडली की विंडोजला काहीतरी बाहेर काढायलाच लागतं. पेजफाइल नसेल तर प्रोग्रामांचा खाजगी डेटा बाहेर टाकायला जागाच नाही, मग ती कोडची पेजेस टाकते, कारण ती इएक्सई आणि डीएलएल फाइलींमधून परत वाचता येतात. म्हणजे तासभर न बघितलेल्या टॅबचा डेटा रॅममध्ये ठाण मांडून बसतो आणि सतत लागणारा कोड पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचला जातो. वाचवायला गेलात ते डिस्कचे फेरेच वाढले.

या फेऱ्यांची किंमत डोळ्यासमोर आणायची तर असं बघा, रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि फिरत्या हार्डडिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. रॅमला १ सेकंद लागतो असं धरलं तर एसएसडीला सोळा-सतरा मिनिटं आणि हार्डडिस्कला सव्वा दिवसाच्या थोडं आत. ही डिस्कवर पेजेस ठेवायची युक्ती काही नवी नाही, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२ मध्येच ती होती, तेव्हा फिरत्या ड्रमवर ठेवायचे. युक्ती साठ वर्षं टिकली कारण चांगली आहे, पण अधूनमधून वापरायची आहे, सतत नाही. सतत व्हायला लागली की मशिन 'अडकतं'.

म्हणून मशिन अडकतंय असं वाटेल तेव्हा टक्केवारी नाही, हार्ड फॉल्ट बघा. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' टाइप करा, मेमरी टॅबमध्ये प्रत्येक प्रोसेससमोर दर सेकंदाला हार्ड फॉल्ट किती ते येतं. हार्ड फॉल्ट म्हणजे हवं असलेलं पेज रॅममध्ये सापडलं नाही, डिस्कवरून आणावं लागलं. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन प्रोग्राम उघडताना हा आकडा उसळणारच, कारण त्याचा कोडही पहिल्यांदा डिस्कवरूनच येतो. काळजीचं तेव्हा, जेव्हा आधीच उघड्या असलेल्या दोन खिडक्यांमध्ये नुसतं इकडून तिकडे करताना शेकड्यांनी हार्ड फॉल्ट होतायत, आणि डिस्कचा ग्राफ छताला लागलाय. आकडा शून्याजवळ असेल आणि तरी मशिन संथ असेल तर दोष रॅमचा नाही, प्रोसेसर, तापमान, अँटिव्हायरस, नेटवर्क, काहीही असेल, पण रॅम नाही.

रॅम क्लीनरचं आता दोन वाक्यात. तो विंडोजचंच एक फंक्शन वापरून सगळ्या प्रोग्रामांच्या पेजेस त्यांच्या हातातून काढून घेतो, पट्टीवरचं इन यूज खाली येतं, तुम्ही खूश, आणि पुढच्या क्षणी प्रत्येक प्रोग्राम आपापली पेजेस परत गोळा करायला लागतो, जी स्टँडबायमध्ये सापडली ती पटकन येतात आणि जी तोवर डिस्कवर गेली ती हार्ड फॉल्ट होऊन. टक्केवारी सुंदर दिसते एवढाच फायदा. मीही फार पूर्वी एक टाकला होता, लाजायचं काय त्यात.

ब्राउझरबद्दल विचारलं नाहीत पण १६ पैकी सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असणार म्हणून सांगतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते नावानिशी कळतं. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली, त्याच वर्षी क्रोम ६७ पासून डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडायला सुरुवात झाली, पानातल्या जाहिरातीची चौकट दुसऱ्या साइटवरून येत असेल तर तिलाही वेगळी. गूगलने तेव्हा स्वतःच सांगितलं होतं की याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल. ती मेमरी सुरक्षेची किंमत आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. चिडायचं असेल तर एक्स्टेन्शनवर चिडा, काही एक्स्टेन्शन प्रत्येक टॅबमध्ये आपला कोड घुसवतात, चाळीस टॅब असतील तर चाळीस वेळा. न वापरलेले टॅब झोपवणारा मेमरी सेव्हर आता क्रोममध्येच आहे, तो चालू ठेवा.

आणि एक गंमत, तोच ब्राउझर तेवढ्याच टॅबसह ८ जीबीच्या मशिनवर कमी आणि ३२ जीबीच्या मशिनवर जास्त मेमरी घेताना दिसेल. बरेच प्रोग्राम मशिनची ऐपत बघून पाय पसरतात. जावावर चालणारे प्रोग्राम साधारणपणे एकूण रॅमच्या पाव हिश्शापर्यंत हीप, म्हणजे आपल्या डेटाची मेमरी, वाढू देतात, विंडोजमध्ये लिनक्स चालवायचं डब्ल्यूएसएल २ अर्ध्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे 'माझ्या मित्राच्या मशिनवर एवढं कमी आणि माझ्यावर एवढं जास्त का' या तुलनेला फारसा अर्थ नाही. तसंच टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून अर्ध्या रॅमइतका आकडा बघून दचकू नका, ती कमाल मर्यादा आहे, राखीव जागा नाही. राखीव असते ती 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड', प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी काही एमबी किंवा फार तर एक-दोन जीबी. तिथे ८ जीबी वगैरे दिसलं तर मात्र एमएस कॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधली 'मॅक्सिमम मेमरी' ची खूण कोणी करून ठेवलीय का बघा, किंवा रॅमची पट्टी नीट बसलेली नसेल.

आता ते ४ जीबी. डब्ल्यूएसएल किंवा एखादं व्हर्च्युअल मशिन चालू असेल तर आधी तिथे बघा, त्यांची मेमरी नेहमीच्या रकान्यात धड दिसत नाही. तसं काही नसेल तर त्याच मेमरीच्या पानावर 'नॉन-पेज्ड पूल' नावाचा आकडा बघा. ही कर्नलची आणि ड्रायव्हर्सची अशी मेमरी जी कधीच डिस्कवर जात नाही, साध्या घरगुती मशिनवर काहीशे एमबी असते, एखाद्या भरलेल्या मशिनवर जीबीच्या आसपास. माझ्याच कामाच्या मशिनवर एकदा सोमवारी ५ जीबी असलेला वापर गुरुवारपर्यंत १३ वर जायचा, प्रोसेसची बेरीज ४ च्या पुढे जात नव्हती, मी दोन दिवस ब्राउझरला शिव्या घातल्या, एक्स्टेन्शन काढली, घातली, आणि तिसऱ्या दिवशी डोळे उघडून बघितलं तर नॉन-पेज्ड पूल ७ जीबी! नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मेमरी घेत होता आणि परत देत नव्हता.

त्यात मी फसलो ते कशाने, तर रोज संध्याकाळी मशिन शट डाउन करत होतो, त्यामुळे ही जुनी साठलेली मेमरी असेल असं डोक्यातच आलं नाही. पण विंडोज ८ पासून, २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात, गळती धरून. रीस्टार्ट केलं तरच सगळं खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. रीस्टार्ट केल्यावर पूल ४०० एमबी, ड्रायव्हर बदलल्यावर आठवडाभर तिथेच.

असा गळका ड्रायव्हर शोधायला मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन आहे, ते चार अक्षरी टॅगनिशी कोणी किती घेतलं ते दाखवतं, पण त्याआधी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं रॅममॅप उतरवून चालवा, फुकट आहे आणि सोपं आहे. पहिल्याच टॅबमध्ये रॅमचा पै-पैचा हिशोब मिळतो, मॅप केलेल्या फाइली किती, पूल किती, ड्रायव्हरने कुलूप लावून ठेवलेली किती. तुमचे ४ जीबी तिथे नावानिशी सापडतील.

साध्या प्रोग्रामची गळती ओळखायची तर डिटेल्स टॅबमध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'कमिट साइज' जोडा आणि तेच काम पाच-सहा वेळा करून बघा, फाइल उघडा, बंद करा, परत उघडा. आकडा वाढून एका जागी स्थिरावला तर ती त्याची कॅश. दरवेळी जिना चढल्यासारखा वाढतच गेला तर गळती, आणि गळतीला जास्त रॅम हा इलाज नाही, फक्त बुडायला दोन दिवस जास्त लागतात.

आता ३२ जीबी. नेहमीचं सगळं काम उघडा, सगळ्यात जड दिवस असतो तसं, आणि कमिटेडचा डावीकडचा आकडा बघा. तो ११-१२ असेल आणि हार्ड फॉल्ट शांत असतील तर ३२ ने तुम्हाला काहीही फरक जाणवणार नाही. रोज २०-२२ पर्यंत जात असेल आणि खिडक्या बदलताना डिस्क खडखडत असेल तर घ्या, डोळे झाकून घ्या. एक वेगळी केस म्हणजे आत्ता १६ ची एकच पट्टी असेल आणि ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल, तर तसलीच दुसरी पट्टी लावल्यावर ड्युअल चॅनेल होतं आणि वेग वाढलेला खरंच दिसतो, पण तो मेमरीची वाट रुंद झाल्याचा, जागा वाढल्याचा नाही.

तोपर्यंत पुढच्या वेळी मशिन अडखळेल तेव्हा कमिटेड, नॉन-पेज्ड पूल आणि हार्ड फॉल्ट हे तीन आकडे लिहून मला कळवा. पूल दीड-दोन जीबीच्या वर दिसला तर खरेदीला निघायच्या आधी एकदा रीस्टार्ट करून परत बघा. शट डाउन नाही हं, रीस्टार्ट.